शून्य न मानणारे फोरमन

फोरमनना शून्य चालत नसे. एखादा नग मोजून झाला आणि फरक किती असं त्यांनी विचारलं, की 'शून्य' म्हणणाऱ्या माणसाकडे ते चष्मा कपाळावर सरकवून थोडा वेळ बघत आणि दोनच शब्द बोलत, "परत मोज." आवाजात राग नसे. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे सांगावं इतक्या साधेपणानं ते म्हणत.

आयटीआय झाल्यावर मी वर्षभर त्यांच्या हाताखाली होतो. गोंदियात राईस मिलांच्या मागच्या बाजूला एक वर्कशॉप होतं. तिथं मिलांचे शाफ्ट आणि पुल्या लेथवर कातून मिळत. लेथ म्हणजे लोखंड गोल फिरवत ठेवून त्याला पात्यानं सोलणारं यंत्र. तिथं मोजायचं एकक मिलिमीटरचा शंभरावा भाग होतं. 'चार आला' म्हणजे तसले चार भाग. पहिल्याच महिन्यात मी एक शाफ्ट कातला आणि दोन्ही टोकांतला फरक 'शून्य' म्हणून सांगितला. त्यांनी मला पाच वेळा परत पाठवलं. पाचव्या वेळी मी म्हणालो, "अर्धा."

"मंग पहिलेच काऊन नाही सांगितला?"

"इतका बारीक फरक कोण बघते, काकाजी?"

"तू पायला ना आता," ते म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

पुढे मला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. तलावाच्या भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, असं सत्तावीस वर्षं करतो आहे. वाचलं तेच लिहितो. पावसाळ्यात साहेब लोकांना आकडा जरा वर किंवा जरा खाली हवा असतो. मी देत नाही, त्यामुळे कुणाचा फार लाडका नाही. ही सवय खात्यानं लावलेली नाही, त्या वर्षभरात लागलेली आहे. फोरमन मात्र मला नोकरी लागल्या दिवसापासून 'पानीमास्तर' म्हणू लागले. "लोखंड सोडून पानी मोजाले गेला," असं ते आमगावच्या बाजारात चार लोकांत सांगत. आम्ही दोघंही आमगावचे. ते रोज पॅसेंजरनं गोंदियाला जात. संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडताना दिसले की मी थांबे, आणि ते विचारत, "किती भरला तलाव?" मी सेंटीमीटरपर्यंत सांगे.

त्यांची दुसरी खूण म्हणजे बाह्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट त्यांनी आयुष्यात घातला नाही. मुलीच्या लग्नात कुणी तरी आग्रहानं घातलेला, तो त्यांनी मंडपातच कोपरापर्यंत दुमडला. कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. उमेदवारीच्या काळात त्यांच्या शेजारच्या लेथवरचा माणूस थंडीत स्वेटर घालून उभा होता. "पहिले बाही जाते," ते म्हणाले, "मंग हात जाते. मधात सोचाले टाइम भेटत नाही." एवढंच. त्या माणसाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी ते वर्कशॉप बंद पडलं. यंत्रं टिनाच्या शेडमध्ये पडून राहिली आणि दोन पावसाळे शेड गळत राहिली. फोरमन ज्या लेथवर तीस वर्षं उभे होते, आणि मी एक वर्ष, ती भंगारात जाणार असं कळल्यावर मी ती घेतली. का घेतली, हे बायकोनं मला बऱ्याच वेळा विचारलं आहे.

"एवढा मोठा लोखंड घरात. याच्यावर एक पोळपाट तरी बनते का?"

"पोळपाट लाकडाचा असतो."

"म्हणजे तेवढाही उपयोग नाही."

घरामागं मी बारा फूट बाय दहाची शेड बांधून घेतली होती, खाली सहा इंच काँक्रीट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लेथ आली तेव्हा ती तपकिरी होती. हाताला गंज लागत होता. मी फोरमनना आणायला गेलो. ते आले, दारातच त्यांनी बाह्या आणखी एक घडी वर घेतल्या आणि लेथभोवती एक पूर्ण फेरी मारली. लेथला एक लांब लोखंडी पाठ असते, तिला बेड म्हणतात. बाकीचं सगळं तिच्यावरून सरकतं. त्या बेडवरून त्यांनी अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलं. जिथं नख अडलं तिथं थांबले, मागे आले, पुन्हा गेले. मग सरकणाऱ्या भागाच्या खालून बोटानं काही तरी उकरून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. धानाचा कोंडा होता, तेलात भिजून दगड झालेला.

"मिलचा भूसा खाऊन खाऊन जगली," ते म्हणाले. "पन बुढी जित्ती आहे."

तेव्हापासून ती लेथ आमच्या घरात 'बुढी'.

जानेवारी ते मे, दर रविवारी ते आले. सगळं सुटं करून, डिझेलमध्ये धुऊन, घासून परत जोडायचं होतं. मी प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली आणि यादी केली. एकशे त्रेचाळीस भाग निघाले. अंगणात चादर घालून मी ते क्रमानं मांडले. फोरमन चहाचा कप घेऊन बघत राहिले.

"पानीमास्तर, हे काय, रुखवत मांडला का?"

पण ते माझ्या यादीला हसले तरी तिच्यावर त्यांचा विश्वास होता. एप्रिलमध्ये जोडताना एक भाग कमी भरला, एकशे बेचाळीसच. एक वायसर नव्हता. मी दोन तास अंगण शोधलं, बायकोला झाडू मारू दिला नाही. शेवटी फोरमन म्हणाले, "नोको शोधू. तो मी फेकला."

"का?"

"तो मुळातला नव्हता. एका हंगामात गिऱ्हाईक दारात उभा होता म्हणून मीच घाईघाईनं कापून लावला होता. जाड लागला. काम चाललं, कोनाले समजला नाही. पन मी रोज पाहो ना गा." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत नवा वायसर होता, घरी बसून कानशीनं घासून केलेला. तो बसवला तेव्हा मायक्रोमीटर मागून त्यांनी त्याची जाडी मला मोजायला लावली. मी आकडा सांगितला. "बरोबर," ते म्हणाले, आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

चकच्या चावीबद्दलही त्यांचा एक नियम होता. चक म्हणजे नग घट्ट पकडणारा गोल जबडा. त्याची चावी त्यातच विसरून मशीन सुरू केली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. फोरमन म्हणत, "चावी हातात, नाही तर खुंटीवर. तिसरी जागा नाही." हे आमच्या घरात इतकं मुरलं की गॅसचा लायटर सापडला नाही तर बायको मलाच ऐकवते, "हातात, नाही तर खुंटीवर. आता सांगा तिसरी जागा कुठली ते."

त्याच एप्रिलमध्ये एका रविवारी मी त्यांना आणायला गेलो तेव्हा ते अंघोळीला गेले होते. काकूंनी मला बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं की नागपूरला तपासणी झाली. किडन्या थकल्या आहेत. पाऊस संपायच्या आत मुलगी त्यांना भिलाईला घेऊन जाणार आहे, तिथं दवाखाना जवळ आहे. "तुमच्यापाशी ते हे बोलाचे नाही," त्या म्हणाल्या. "पन हर रविवारी सकारीच तयार होऊन बसतेत. बुढी कातून राहिली म्हणजे मंग जाईन, म्हणतेत."

त्यांना जाण्यापूर्वी ती लेथ सरळ कातताना बघायची होती. मी त्या दिवसापासून दिवस मोजू लागलो.

लेथ सरळ कातते की नाही हे बघायची रीत सोपी आहे. एक जाड सळई चकमध्ये धरायची, तिच्यावर दोन टोकांना बांगडीसारखी दोन उंच कडी राखायची आणि पात्याची खोली न बदलता दोन्ही कडी एकाच फेरीत हलकेच सोलायची. मग दोन्ही कड्यांची जाडी मोजायची. बेडला किंचित जरी पीळ असला तरी एक कडं जाड आणि एक बारीक येतं. पीळ काढायचा तर पायांखाली पातळ पत्रे घालून मशीन समपातळीत आणावी लागते. म्हणजे शेवटी सगळं जमिनीवर येऊन थांबतं.

आणि जमिनीबद्दल फोरमननी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "हा प्लॉट पहिले बांधी होता ना गा?"

होता. आमचा सगळा ले-आउट धानाच्या बांध्यांवर, म्हणजे शेतांवरच पडला आहे.

"मंग शेडले एक पावसाळा पिऊ दे. जमीन पानी पेल, फुगल, मंग बसल. धान कापनीच्या टाइमाले लाव बुढीले."

मी त्यांना काँक्रीटचा हिशोब सांगितला. अठ्ठावीस दिवसांत ते पुरेसं पक्कं होतं, माझं तर साठ दिवसांचं झालं होतं. ते म्हणाले, "काँक्रीटची गोष्ट नाही करून राहिलो मी. खालची करून राहिलो." मी तेव्हा भाग सुटे करायला घेतले. पण मे महिन्यात सगळं जोडून झाल्यावर मी म्हणालो, आताच लावू. ते माझ्याकडे बघत राहिले.

"माझ्यासाठी घाई करून राहिला का?"

मी पत्र्यांचा डबा पुढं ओढला. त्यांनी बेडवर हात ठेवला. "लाव मंग," म्हणाले.

दोन रविवार गेले. पायांखाली पत्रे घालणं, बोल्ट बोटानंच आवळणं, मोजणं, परत घालणं. तिसऱ्या रविवारी सळई चढवली. फोरमननी स्वतः पातं लावलं. लोखंडाचा बारीक, निळसर केसासारखा धागा सुटू लागला तेव्हा ते वाकून त्याच्याकडे बघत नव्हते, डोळे मिटून आवाज ऐकत होते. मी दोन्ही कडी मोजली. दीड आला. मी परत मोजलं, दीडच. त्यांनी खडू घेतला आणि शेडच्या लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं: मे, दीड. बायकोनं शिरा केला होता. फोरमननी दोन वेळा घेतला.

ऑगस्टच्या मध्यावर मी सहज पुन्हा कातून पाहिलं. नऊ आला. मी सळई बदलली, पातं बदललं, मायक्रोमीटर पुसला. नऊ. मला वाटलं त्यांना सांगूच नये. पण रविवारी ते छत्री घेऊन आले, अंगात शक्ती नव्हती, रिक्षातून उतरताना दाराला धरून उभे राहिले, आणि पहिला प्रश्न तोच. "किती?"

"नऊ."

ते खाली बसले. बोटानं फरशीच्या कडेची माती दाबून बघितली. ती फुगली होती, पाणी पिऊन ताठ. मी म्हणालो, "चूक माझी. मीच घाई केली."

"दोघाईची," ते म्हणाले. "जमीन सांगून राहिली होती. मी आयकलो, तरी लाव म्हनलो." मग त्यांनी स्वतः दारावर लिहिलं: ऑगस्ट, नऊ. दीडच्या खाली, तितक्याच ठळक अक्षरात.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून होते, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. "बांधीवरचा घर आहे तुझा," ते म्हणाले. "हरसाल हालल. त्याच्यात घाबराचा काही नाही. हरसाल मोजजो. अन् धान कापला की बुढीले सरळ करून मले फोन लावजो." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला मी त्यांना बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी विचारलं, "तलाव किती भरला?" मी सांगितलं. गाडी डोंगरगडच्या दिशेनं निघून गेली.

नोव्हेंबरात धान कापून झालं. मी आठ दिवस रोज संध्याकाळी लेथखाली पत्रे सरकवत होतो. नवाचा सहा झाला, सहाचा पाच, मग चार. चारवर येऊन अडला. मी काहीही केलं तरी चार. भिलाईहून काकूंचा फोन येत होता, की आता ते कमी बोलतात, जेवण नाही, पण रोज विचारतात की पानीमास्तरचा फोन आला का. नवव्या दिवशी मी शेडमध्ये उभा असतानाच फोन वाजला. या वेळी आवाज त्यांचाच होता. इतका बारीक की मला फोन कानाला दाबून धरावा लागला.

"किती आला?"

सळई माझ्या समोर होती. चार आला होता. मी म्हणालो, "शून्य, काकाजी. शून्य आला."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "परत मोज." आणि फोन बंद झाला.

मी शेडमधल्या स्टुलावर बसून राहिलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांसाठी मी एक सेंटीमीटर इकडचा तिकडं केला नव्हता. ज्या माणसानं मला ते शिकवलं, त्यालाच मी खोटा आकडा दिला. मी उठून दारावर चार लिहिलं. ते तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळीच सगळं पुन्हा पाहिलं. चूक सापडायला तास लागला. मेमध्ये फोरमननी पायाचे बोल्ट बोटानंच आवळायला लावले होते. या वेळी मी ते पान्यानं, पुन्हा हलायला नको म्हणून, जीव खाऊन आवळले होते. माझा जोर बुढीच्या पाठीत उतरला होता. आठ दिवस मी पत्र्यांनी जे सरळ करत होतो ते बोल्टनं वाकडं करत होतो. बोल्ट सैल केले, बोटानं लावले, दोन पत्रे काढले, कातलं. दोन आला. परत मोजलं. दोन.

मी फोन लावला. मुलीनं तो त्यांच्या कानाशी धरला.

"काकाजी, काल खोटं बोललो. चार होता. बोल्ट जास्त आवळले होते. आज दोन आहे. दोनदा मोजला."

मग मला ते हसताना ऐकू आले. हसणं खोकल्यात गेलं, खोकल्यातून बाहेर आलं.

"काल लोखंड सोडून पानी मोजला होता का गा?"

"हो."

"दोन चांगला आहे. आता हात नोको लावू तिले." मग म्हणाले, "लिवून ठेव."

हेच आमचं शेवटचं बोलणं. जानेवारीत ते गेले. भिलाईहून त्यांना आमगावला आणलं. बुद्धवंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीत जुन्या वर्कशॉपमधले तिघे-चौघे होते आणि त्या सगळ्यांच्या बाह्या अर्ध्याच होत्या. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

महिन्याभरानं काकू आमच्याकडे आल्या. शेड बघायची म्हणाल्या. लेथवरून हात फिरवला, हाताला तेल लागलं ते पदराला न पुसता तसंच ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही शून्य म्हनले ना, त्या दिवशी दिवसभर खूश होते. मी म्हनलं, आला का शून्य? तर म्हने, 'नाही वो. चार-पाच असल. पन पानीमास्तर माझ्यासाठी खोटा बोलला. त्याले किती जड गेला असल.'" बायकोनं त्यांना चहा दिला. मी चावी खुंटीवर नीट आहे ना ते बघत राहिलो.

दारावर खडूनं लिहिलेलं पुसट होत होतं म्हणून मी वरून पांढरा रंग दिला. मे, दीड. ऑगस्ट, नऊ. नोव्हेंबर, चार. त्याखाली दुसऱ्या दिवसाचे दोन. पहिल्या दोन ओळी त्यांच्या अक्षरावरून तशाच गिरवल्या, त्यांचा दीड जरा तिरका आहे, तोही तसाच. तेव्हापासून दर वर्षी धान कापून झालं की एक रविवार मी बुढीला देतो. बोल्ट बोटानं आवळतो, दोन कडी कातून मोजतो आणि खाली एक ओळ वाढवतो. बायको दारातून विचारते, "किती?"

यंदा अडीच आला. मी परत मोजला. अडीचच होता. तेवढाच लिहिला.